हो, मीच बोलतेय

९ जानेवारी

मौनीबाबा,

तुझा फोन वाजतो आणि तू उचलत नाहीस. अख्खी नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर गेली माझी. कोणाकोणाला कोणाकोणाशी जोडून दिलं, आणि आता पोटच्या पोराचा फोन लागत नाही. म्हणून हे पत्र. दारात पडलेल्या पत्राला निदान पाय तरी लागतो.

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलेलं नाही. विसरले नाहीये.

आज दुपारी तुझ्या परदेशातल्या, तिकडच्या कोर्टाचा जाड लखोटा आला, तुझ्या बायकोच्या नावाचा. मी घेतला आणि टेबलावर ठेवला. ती संध्याकाळी कामावरून आली, चपला काढल्या, उभ्या उभ्याच सगळा वाचला, परत पहिलं पान काढलं आणि मग खुर्चीत बसली. म्हणाली, "आई, आमचा घटस्फोट झालाय. ऑक्टोबरमध्येच."

मी विचारलं, "कोणाचा?"

बघ, काय विचारलं मी! डोकंच चालेना. ऑक्टोबरात तू फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी करत होतास. पंखा कुरकुरतो का, तो बदलून घे म्हणत होतास. इतका साळसूद कधी झालास रे? आम्ही दोघी इथे तुझी खोली झाडून ठेवतोय, सुट्टीत येईल म्हणून, आणि तू तिकडे मोकळा होऊन बसलायस!

पुढचं ऐक. त्या कागदात लिहिलंय की बायको फोनवरून कोर्टात हजर राहिली, तिला सगळं समजलं आणि तिची काही हरकत नाही. मी तिला सरळ विचारलं, "कधी बोललीस तू?"

"मी बोललेच नाही, आई."

"मग काय कोर्ट खोटं बोलतं?"

"मला काय माहीत! माझा फोन दिवसा माझ्याजवळ असतो तरी का?"

हे खरं आहे. तिच्या औषधांच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. ती दिवसभर बाटल्या उजेडासमोर धरून आत कण आहे का बघते, आणि फोन घरी माझ्यापाशी असतो. पण संध्याकाळी असतो ना हातात! सुट्टीच्या दिवशी असतो ना! खरं सांगू, माझा तिच्यावर विश्वास बसलेला नाही. तुझ्यावर तर नाहीच नाही. तुम्ही दोघांनी गुपचूप ठरवलंत आणि मला अंधारात ठेवलंत, असंच मला वाटतं. तू तिकडे मजेत, उद्या ती बॅग भरून माहेरी, आणि म्हातारीने भिंतींशी बोलायचं.

भिंतींवरून आठवलं. काल एक एजंट टेप घेऊन आला होता, खोल्या मोजायला. म्हणाला, "मालकांनी सांगितलंय, जागा रिकामी करून मिळेल." मालक म्हणजे तू. घर तुझ्या नावावर मीच करून दिलं, तेव्हा सगळे नको नको म्हणत होते. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

उत्तर दे.

आई


२२ जानेवारी

मौनीबाबा,

उत्तर नाही, पण तुझ्या वकिलाची नोटीस आली. म्हणजे पत्र पोचलं तर!

तू इथल्या कोर्टात अर्ज टाकलायस की तिकडचा घटस्फोट इथे मान्य करा आणि माझं घर मला मोकळं करून द्या. लिहिलंय, 'पूर्वीच्या पत्नीला तिथे राहण्याचा हक्क नाही.' पूर्वीच्या! काल-परवापर्यंत तिने पाठवलेले स्वेटर घालत होतास.

काल आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. सायकलच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे, जिना असा की गुडघ्याने तुला शिव्याच दिल्या. मी मुद्दाम गेले बरं का. म्हटलं, वकिलासमोर तरी सूनबाई खरं बोलते का बघू.

वकीलबाई तरुण आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. त्यांनी समजावलं ते तुलाही सांगते, जरी तुला आधीच पाठ असेल. तिकडचा घटस्फोट इथे आपोआप चालत नाही. बायकोला नीट कळवलं होतं का, ती स्वतः हजर होती का, तिने स्वतःहून कबूल केलं का, हे इथलं कोर्ट बघतं. परस्पर उरकला असेल तर इथे त्या कागदात भजी... जाऊ दे, शेंगदाणेसुद्धा कोणी बांधून देणार नाही. पण ती स्वतः हजर राहून हो म्हणाली असेल, तर संपलं. घराबाहेर.

मी विचारलं, "आणि नाही चालला तर? तिकडे हा सुटलेला आणि इकडे बांधलेला?"

"हो, तसंच."

"मग विमानात असतो तेव्हा कोण असतो हा?"

वकीलबाई हसल्या. तुझी बायको हसली नाही.

ती म्हणाली, "मला हा माणूस नकोच आहे. मलाही सुटायचंय. पण मला विचारून. माझं म्हणणं कोणीतरी समोर बसून ऐकून घ्यावं, एवढंच. एवढी वर्षं संसार केला, त्याच्या शेवटाला मी हजर तरी असायला नको का?"

बोलली मोठ्या तोऱ्यात. मी मनात म्हटलं, बघू.

आता सगळं त्या एका फोनवर अडलंय. तिकडच्या कोर्टात असे फोन टेप करून ठेवतात, वकीलबाईंनी तो मागवलाय. मग त्यांनी विचारलं, दिवसा हिचा फोन कोण घेतं? मी म्हटलं, मी! आणि नुसता घेत नाही, नीट निभावते. गॅसवाले, बँकवाले, विमेवाले, सगळ्यांना तीच हवी असते. "तुम्ही स्वतःच बोलताय का?" असं विचारतात. दरवेळी कोण सांगत बसणार की ती कामावर आहे, मी सासू! मी म्हणते, "हो, मीच बोलतेय." तिची जन्मतारीख मला तोंडपाठ आहे. आवाज अजून तिशीतला आहे माझा, कोणाला संशयसुद्धा येत नाही. घरातली अर्धी कामं अशीच झालीत. वकीलबाई कौतुक करतील असं वाटलं होतं, पण त्या नुसत्या लिहीत राहिल्या.

हां, त्यावरून आठवलं. ऑक्टोबरात तू मला तिच्या खात्याचं ते काम सांगितलं होतंस, बँकेची बाई इंग्रजीत बोलेल म्हणालास, ते झालं का शेवटी? फार लांबण लावली होती तिने.

आई


६ फेब्रुवारी

ऐकली टेप.

तुला नावाने हाक मारायचीही इच्छा नाही, टोपणनावानेही नाही.

वकीलबाईंनी कॉम्प्युटरवर लावली. आधी खरखर. मग एक बाई तिकडच्या इंग्रजीत तुझ्या बायकोचं नाव घेऊन विचारते, आपणच का? आणि पलीकडून खणखणीत आवाज येतो, "येस, स्पीकिंग."

जन्मभर बोर्डावर म्हटलेले दोन शब्द. झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. माझा आवाज मला ओळखू येणार नाही का रे?

तुझी बायको मशीनकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

पुढे ती बाई काहीतरी लांबलचक विचारते. मी मोठ्या ऐटीत म्हणते, "नो, थँक यू." वकीलबाईंनी टेप थांबवून सांगितलं की तिथे विचारलं होतं, दुभाषी हवा का, वकील हवा का. मला वाटलं होतं बँक आणखी एखादं कार्ड गळ्यात मारतेय! मग कागद मिळाले का? येस. लग्न आता टिकणार नाही हे मान्य आहे का? येस, येस. कोणी जबरदस्ती केली नाही ना? "नो, लाइन इज क्लिअर." लाइन क्लिअर! आणि शेवटी आभार मानले तिने, तर म्हणते, "यू आर वेलकम."

मला टेलिफोनपुरतं इंग्रजी येतं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? लहानपणी सुट्टीत माझ्या स्टुलाशेजारी बसून तूच नक्कल करायचास माझी. तूच मला आदल्या दिवशी फोन करून पढवलंस, "आई, नेहमीसारखं करायचं. विचारेल त्याला येस म्हणायचं. वकील, कार्ड, काही विचारलं तर नो, थँक यू. हिला कशाला सांगतेस, आधीच दमून येते." दमून येते! केवढा कळवळा!

केसाने गळा कापलास. तिचा कापलास आणि केस माझा वापरलास. सुनेचा घटस्फोट सासूच्या तोंडून वदवून घेणारा मुलगा माझ्याच पोटी यावा?

आणि मी महिनाभर तिलाच खोटारडी ठरवत होते. तुला लिहूनही कळवलं तसं. कपाळ माझं.

जिना उतरताना मी तिचा हात धरायला गेले. तिने कठडा धरला.


१७ फेब्रुवारी

मौनीबाबा,

अखेर फोन केलास. अर्धा तास बोललास. जन्माला आल्यापासून तू एवढं सलग बोलल्याचं मला आठवत नाही. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला तरी तू माझ्याकडे बघायचास. परवा मात्र जीभ अगदी सैल सुटली होती.

तू काय काय म्हणालास ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला भ्रम झाला असं म्हणायला नको.

आधी म्हणालास, तिकडे दुसरं लग्न ठरलंय, तारीख पक्की आहे, लोकांना सांगून झालंय. म्हणजे एवढी घाई त्यासाठी! मग म्हणालास, तू कोर्टात दुसऱ्याच्या नावाने बोललीस, उद्या तुझ्यावरच शेकेल. आईला धमकी. ती चालली नाही म्हटल्यावर आवाज मऊ केलास. "आई, तू फक्त आठवत नाही म्हण. एवढंच. मग तुला इकडेच घेऊन येतो. तुझी वेगळी खोली तयार आहे, खिडकीतून झाडं दिसतात."

इतकी वर्षं कुठे होती रे ती खोली? गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तर तिकडे पाय ठेवायला जागा नव्हती.

खोटं नाही सांगत, रात्रभर ती झाडं डोळ्यांसमोर होती. एकुलता एक मुलगा आहेस. तुझ्यावरून जीव ओवाळून टाकलाय मी. मनात आलं, काय बिघडलं आठवत नाही म्हटलं तर? या वयात काय काय आठवत नाही लोकांना.

आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या वकिलाने कोर्टात दिलेला कागद हातात पडला. 'अर्जदाराच्या आई वयोमानामुळे गोंधळतात, त्यांच्या सांगण्यावर विसंबता येणार नाही.' फोन करायच्या आधीच देऊन ठेवला होतास! म्हणजे मी गप्प बसले तर झाडं, आणि बोलले तर वेडी. दोन्हीकडून बंदोबस्त. शाबास. मी तुला हुशार समजत नव्हते, ती माझीच चूक.

घरातलं सांगते. तुझी बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा ठेवते, औषध काढून देते, पण तोंड बंद. मी शेवटी चिडले. म्हटलं, "अगं, फसवलं मला त्याने! मी काय मुद्दाम केलं?"

ती बाटली बघावी तशी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मुद्दाम नाही केलंत, आई. पण तुम्हाला कधी वाटलंच नाही की हिला विचारावं. लग्न ठरलं त्या दिवशी हे खाली मान घालून बसले होते आणि हो तुम्ही म्हणालात. आता मी कारखान्यात होते आणि हो तुम्हीच म्हणालात. लग्नालाही तुम्ही, घटस्फोटालाही तुम्ही. मग आम्ही दोघं कशाला होतो मध्ये?"

मी उठून ओटा पुसायला लागले, पुसलेलाच.

दुसऱ्या दिवसापासून ती फोन बरोबर नेते. गेटवरच्या कपाटात ठेवते आणि जेवणाच्या सुट्टीत बघते. घर दिवसभर गप्प असतं. बँकवाल्यांचीसुद्धा आठवण येते.

तारीख चार मार्चची आहे. तू येणार नाहीस, वकील पाठवणार, हे कळलं. उंटावरून शेळ्या हाक.

आई


४ मार्च

मौनीबाबा,

कोर्टातून आत्ताच आले. साडीसुद्धा बदललेली नाही. तुझा वकील तुला त्याच्या सोयीचं सांगेल, म्हणून मी आधी सांगते.

खोली लहान होती, वर एकच ट्यूबलाइट आणि तीही लुकलुकणारी. तुझा वकील गोड बोलणारा निघाला. मला 'आजी' म्हणाला. मी म्हटलं, "मला अजून नातवंडं नाहीत, आणि तुमच्या अशिलाने यापुढची आशा ठेवलेली नाही." न्यायाधीशांनी मला तंबी दिली, विचारलं तेवढंच बोला. मी आणि तेवढंच!

मग टेप लावली. भर कोर्टात माझी ती ऐट. "येस, स्पीकिंग." तुझा वकील म्हणाला, "साहेब, हा तरुण बाईचा आवाज आहे, सत्तरीतल्या बाईंचा नव्हे. सुनेला वाचवायला या खोटं बोलताहेत किंवा यांचा गोंधळ होतोय."

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, "टेपमध्ये कोण बोलतंय?"

मी घसा साफ केला. म्हटलं, "हो, मीच बोलतेय." आणि त्याच सुरात, "येस, स्पीकिंग. लाइन इज क्लिअर." टाइप करणारा मुलगा हात थांबवून वर बघायला लागला. तुझा वकील खाली बसला.

तिथवर सगळं सोपं होतं. अगदी मजेतसुद्धा होते मी.

मग न्यायाधीशांनी विचारलं, "हा बँकेचा फोन आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी पाणी मागितलं. पाणी प्यायले. ग्लास ठेवायला जागा शोधली. तू पाच वर्षांचा असताना शेजाऱ्यांची काच फोडलीस, तेव्हा मी सांगितलं होतं, माझ्या हातून फुटली. कॉलेजात कॉपी करताना पकडला गेलास, तेव्हा प्रिन्सिपलपुढे जाऊन मी हात जोडले. तू कधी तोंड उघडलंच नाहीस, मी उघडूच दिलं नाही. आणि आज पहिल्यांदा तुझ्याविरुद्ध उघडायचं होतं. मागे वळून बघितलं, तर तुझी बायको बाकावर ताठ बसली होती. ती मला नको म्हणाली नाही आणि हो असंही म्हणाली नाही.

मी म्हटलं, "माझ्या मुलाने सांगितलं."

"तुम्हाला कोणी असं बोलायला भरीला घातलंय का?"

"साहेब, भरीला घातलं होतं ते ऑक्टोबरात. आज माझी मी आलेय."

मग टाइप करणाऱ्या मुलाने माझं पूर्ण नाव विचारलं. सवयीने तोंडात तिचंच नाव आलं होतं. ते गिळलं आणि माझं सांगितलं.

बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत रडले नाही. रिक्षात रडले. तुझ्यासाठी रडले, तुझ्यामुळे नाही. जन्म दिलेल्या पोराला भर कोर्टात लबाड म्हणून आले मी. याचा हिशोब तू मला देऊ नकोस आणि मीही तुला मागणार नाही.

आई


२० एप्रिल

मौनीबाबा,

निकाल तुला कळला असेलच. तिकडचा घटस्फोट इथे चालणार नाही. बायको हजरच नव्हती, तिच्या संमतीचा प्रश्नच येत नाही, आणि कोर्टाला फसवून मिळवलेला निकाल हा निकाल नव्हे, असं लिहिलंय. मलाही दोन ओळींत झापलंय, दुसऱ्याच्या नावाने फोनवर बोलण्याबद्दल. बरोबरच आहे. तो एजंट परत आला होता, त्याला मी स्वतः जिन्यापर्यंत सोडून आले, त्याची खोल्या मोजायची टेप इथेच राहिली होती ती हातात देऊन.

तुझ्या बायकोने परवा इथल्या कोर्टात स्वतः अर्ज केला. घटस्फोटाचा. सगळी पानं वाचून सही केली, आणि वाचताना मला खोलीबाहेर बसवलं. मी बसले. कारखान्याजवळ जागा बघतेय ती. राहायला कोणाला बरोबर नेणार आहे, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. काल मात्र दोन खोल्यांची बघून आली, आणि जिना किती आहे ते आधी सांगितलं.

तुला नोटीस येईल. लांब राहतोस म्हणून तुला फोनवरून हजर राहू देतील, असं वकीलबाई म्हणाल्या. दुभाषी लागणार नाही, सगळं आपल्याच भाषेत आहे. ते विचारतील, कोण बोलतंय? तुझं नाव तू सांगायचं. विचारतील, असं का केलंत? तेही तूच सांगायचं, तिच्यासमोर. ती ऐकायला बसलेली असेल. तिला तेवढंच हवं होतं पहिल्यापासून.

घाबरशील, मला माहीत आहे. नजर माझ्यासाठी इकडे तिकडे फिरेल. कोर्टातला फोन वाजेल तेव्हा मी त्याच खोलीत असेन, पण उचलणार नाही.

आई